राउटर वेगवान, मग लॅपटॉपच मागे का? वाय-फाय अडॅप्टर निवडण्याची रीत

दिवाळीच्या आधी शाहूपुरीतल्या भाच्याचा फोन आला. "मामा, ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, नवा राउटर बसवला, तरी लॅपटॉपवर चाळीसच्या वर जात नाही. कंपनीकडे तक्रार टाकू का?" तो पुण्याच्या कंपनीचं काम आठवड्यातले तीन दिवस साताऱ्यातून करतो. मीटिंगमध्ये आवाज तुटला की त्याचा जीव वर-खाली होतो. मी म्हटलं, "तक्रार नंतर. आधी त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून ताईच्या फोनवर स्पीड टेस्ट घे." फोनवर २८० आले.

म्हणजे फायबरची लाइन नीट होती आणि राउटरही नीट होता. अडलं होतं लॅपटॉपमधल्या कार्डापाशी. एका अँटेनाचं, वाय-फायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी (बँडपैकी) फक्त जुन्या, संथ २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं ते कार्ड. त्याची जास्तीत जास्त जोडणी ७२ एमबीपीएसची, आणि त्यातून हाती येणार साधारण चाळीस. राउटर कितीही भारी आणला असता तरी हा आकडा हलला नसता.

वाय-फाय म्हणजे दोघांमधलं बोलणं असतं. राउटर चार भाषा बोलणारा असला आणि समोरच्याला एकच येत असली, तर बोलणं त्या एकाच भाषेत होतं. तरीही पैसे खर्च करायची वेळ आली की सगळ्यांची नजर राउटरकडे जाते, अडॅप्टरकडे, म्हणजे लॅपटॉपच्या पोटातल्या किंवा बाहेरून लावायच्या वाय-फाय कार्डाकडे, कुणी बघत नाही. गेल्या काही वर्षांत नातेवाइकांची आणि ओळखीच्यांची जेवढी घरं मी पाहिली, त्यांतल्या बऱ्याच घरांत हेच झालं होतं.

आधी निदान, मग खरेदी

निदानाला अर्धा तास लागतो आणि तो वाचवू नये.

पहिली पायरी: लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. प्लॅनएवढा वेग आला तर लाइन ठीक आहे. आकडा बरोबर ९०-९५ वर अडकून बसला, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचं पोर्ट आहे: फायबरच्या डब्यावर, राउटरवर किंवा लॅपटॉपवर. जुनी, चारच तारा जोडलेली केबलही हेच करते. अशा वेळी अडॅप्टर बदलून काही होत नाही.

दुसरी पायरी: केबल काढा, राउटरपासून सात-आठ फुटांवर बसा आणि ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय असं जाऊन जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथे तीन गोष्टी वहीत लिहून घ्या: प्रोटोकॉल, नेटवर्क बँड आणि लिंक स्पीड. लिंक स्पीड हा इंटरनेटचा वेग नव्हे. तुमचं कार्ड आणि राउटर यांनी आपसात ठरवलेला तो वेग आहे, आणि तो पाहिला की कार्डाची कुंडली कळते.

७२ किंवा १५० दिसले तर एका अँटेनाचं, वाय-फाय ४ चं कार्ड (हा ४ म्हणजे वाय-फायची पिढी; अंक मोठा तेवढी पिढी नवी). १४४ किंवा ३०० असेल तर त्याच पिढीचं, पण दोन अँटेनांचं. ४३३ म्हणजे वाय-फाय ५, एक अँटेना. ८६७ म्हणजे वाय-फाय ५, दोन अँटेना. १२०१ म्हणजे वाय-फाय ६, दोन अँटेना, ८० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल (चॅनेल म्हणजे बँडमधली वाट; ती रुंद तेवढा वेग जास्त). २४०२ म्हणजे तेच, पण चॅनेल १६० मेगाहर्ट्झ रुंद. हे जवळून मिळणारे कमाल आकडे आहेत. यातला साधारण ५० ते ६५ टक्के वेग प्रत्यक्ष हाती येतो, कारण वाय-फायवर एका वेळी एकच जण बोलू शकतो आणि प्रत्येक निरोपाची पोचही त्याच हवेतून परत यावी लागते. म्हणून ४३३ वाल्याला २२० ते २८० मिळाले तर त्याच्यात काही बिघाड नाही.

तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात. आता लॅपटॉप तुमच्या नेहमीच्या जागी न्या आणि लिंक स्पीड पुन्हा बघा. राउटरजवळ ८६७ आणि आतल्या खोलीत १७३ किंवा त्याहून खाली? मग कार्ड चांगलं आहे, भिंत आडवी येते आहे. यादोगोपाळ पेठेतल्या एका जुन्या वाड्यात मी हे पाहिलं. काळ्या दगडाची, हातभर रुंद भिंत. पलीकडे ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ मरूनच जायचं. त्या घरातल्या काकांनी दोन अडॅप्टर आणून परत केले होते. शेवटी माडीवर केबल ओढली आणि वर दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून वाय-फाय पसरवणारा डबा, लावला, तेव्हा प्रश्न सुटला. मोठ्या अँटेनाचा अडॅप्टर थोडा फरक पाडतो, दगडाच्या भिंतीला मात्र तो पुरा पडत नाही. फोनवर सिग्नल मोजणारं एखादं ॲप टाकून बघा. ते सिग्नल डीबीएममध्ये दाखवतं, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला: उणे ६५ डीबीएमपर्यंत असेल तर अडॅप्टरवर खर्च करायला हरकत नाही, उणे ७५ च्या खाली गेला असेल तर आधी राउटरची जागा बदला.

खोक्यावरच्या आकड्याची फोड

पोवई नाक्यावरच्या दुकानात जा नाहीतर ऑनलाइन मागवा, खोक्यावर एसी६००, एसी१२००, एएक्स१८००, एएक्स३००० असं काहीतरी छापलेलं असतं. एसी म्हणजे वाय-फाय ५, एएक्स म्हणजे वाय-फाय ६, आणि पुढचा आकडा दोन्ही बँडची बेरीज असतो. एसी१२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७. एएक्स१८०० म्हणजे ५७४ आणि १२०१. एएक्स३००० म्हणजे ५७४ आणि २४०२. तुमचा अडॅप्टर एका वेळी एकाच बँडवर जोडला जातो, तेव्हा बेरीज विसरा आणि ५ गिगाहर्ट्झचा आकडा तेवढा धरा.

राउटरच्या खोक्यावर तर ही बेरीज आणखी फुगते. एएक्स५४०० लिहिलेला राउटर ५ गिगाहर्ट्झवर ४८०४ सांगतो. पण त्याला चार अँटेना आणि १६० मेगाहर्ट्झ दोन्ही लागतात. बाजारातले जवळजवळ सगळे लॅपटॉप आणि फोन जास्तीत जास्त दोन अँटेनांचे असतात. म्हणून अशा राउटरशीसुद्धा एका लॅपटॉपची जोडणी २४०२ किंवा १२०१ चीच होणार. जास्तीच्या अँटेना वाया जात नाहीत. घरात दहा-बारा उपकरणं असतील तर त्या कामाला येतात. पण एकट्या लॅपटॉपसाठी त्यांचे पैसे मोजू नका.

अडॅप्टरचं वर्णन वाचताना माझा क्रम ठरलेला आहे. पहिल्यांदा ५ गिगाहर्ट्झ आहे का ते बघतो. नसेल तर खोकं खाली ठेवतो, कितीही स्वस्त असलं तरी. मग अँटेना दोन आहेत का, वर्णनात "टू बाय टू" लिहिलंय का. मग चॅनेलची रुंदी. पिढीचं नाव त्यानंतर. दोन अँटेनांचं वाय-फाय ५ आणि एका अँटेनाचं वाय-फाय ६ यांत कमाल आकडे ८६७ आणि ६०० असे पडतात, म्हणजे नावानं नवं ते हातात कमी देतं.

प्लॅन १०० चा असेल आणि घरात फाइली इकडून तिकडे पाठवायच्या नसतील, तर ८६७ वालं पुष्कळ झालं. ३०० च्या प्लॅनला राउटरच्याच खोलीत तेही चालतं, पण एक भिंत मध्ये असेल तर १२०१ वालं घ्या. ५०० च्या पुढे वाय-फाय ६ च, आणि १००० चा प्लॅन असेल तर १६० मेगाहर्ट्झवालं.

यूएसबी: सोपं, पण फसायच्या जागा इथेच

यूएसबी अडॅप्टर म्हणजे लावलं की चालू, म्हणून तोच सर्वांत जास्त खपतो आणि घोळही इथेच होतो.

पहिला घोळ पोर्टचा. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा ४८० एमबीपीएस, प्रत्यक्षात ३०० च्या आसपास. बाजारात एसी१२०० लिहिलेले आणि यूएसबी २.० चा दांडा असलेले अडॅप्टर सर्रास मिळतात. हवेतून ८६७ ची जोडणी होते आणि पुढे दारातच गर्दी होते. म्हणून वर्णनात यूएसबी ३.० किंवा त्यापुढचं आहे का ते बघा, आणि लावतानाही ३.० च्याच पोर्टात लावा. ते पोर्ट बहुधा निळं असतं किंवा त्याच्याशेजारी दोन एस काढलेले असतात. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचं पोर्ट जवळ पडतं म्हणून लोक तिथे लावतात; जुन्या कॅबिनेटमध्ये ते बऱ्याचदा २.० चंच असतं.

दुसरा घोळ उलट दिशेचा. यूएसबी ३.० च्या तारांतून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच पडतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलं होतं. शेजारच्या पोर्टात हार्ड डिस्क चालू झाली की वायरलेस माउस अडखळतो किंवा वाय-फाय ढेपाळतं, ते यामुळे. उपाय दोन: अडॅप्टर ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, आणि तीन-चार फुटांची चांगली एक्स्टेन्शन केबल लावून तो मशीनपासून दूर, टेबलाच्या वर आणा. काही अडॅप्टरबरोबर अशी बैठक येतेच. ही केबल इतका फरक पाडते की अडॅप्टर बदलण्याआधी मी ती लावून बघतो. कॅबिनेटच्या मागे, भिंतीला चिकटून, लोखंडी पत्र्याच्या सावलीत बसलेल्या अडॅप्टरकडून वेगाची अपेक्षा करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

तिसरा घोळ आकाराचा. नखाएवढे नॅनो अडॅप्टर दिसायला गोड असतात. त्यांत बहुधा एकच बारकी अँटेना असते, आणि मोठं डाउनलोड लावलं की ते चटका बसेल इतके तापतात आणि वेग उतरतो. प्रवासात ठीक आहेत. कायमच्या वापराला बोटभर लांबीचा किंवा उभ्या अँटेनाचा घ्या.

नवा यूएसबी अडॅप्टर लावल्यावर सीडी ड्राइव्हसारखं काहीतरी उघडलं तर घाबरू नका. ड्रायव्हर, म्हणजे अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या पोटातच असतो. तो टाकला की ड्राइव्ह नाहीशी होते आणि वाय-फाय दिसतं.

राजवाड्याजवळच्या एका अभ्यासिकेचं उदाहरण सांगतो. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं, बारा डेस्कटॉप, प्रत्येकाला १५० वाला नॅनो अडॅप्टर, आणि वर नवाकोरा महाग राउटर. संध्याकाळी सगळी मुलं व्हिडिओ लावायची आणि कुणाचाच नीट चालायचा नाही. सामाईक विहिरीवर पाळी तासावर न ठरता रानावर ठरलेली असेल, तर ज्याची मोटर लहान त्याचं तेवढंच रान भिजायला जास्त वेळ लागतो आणि मागचे सगळे ताटकळतात. हवेचंही तसंच आहे. मंद अडॅप्टर स्वतः तर हळू चालतोच, शिवाय तेवढाच मजकूर न्यायला हवा जास्त वेळ अडवून ठेवतो, आणि त्याच बँडवरच्या वेगवान उपकरणांनाही थांबावं लागतं. आम्ही भिंतीकडेच्या आठ मशीनना केबल ओढली, उरलेल्या चारांना दोन अँटेनांचे ५ गिगाहर्ट्झवाले अडॅप्टर लावले. राउटर तोच राहिला. जे मशीन जागचं हलत नाही त्याला केबलच द्यावी, असं माझं ठाम मत त्या दिवसापासून झालं आहे.

लॅपटॉपच्या पोटातलं कार्ड बदलणं

हा माझ्या मते सर्वांत चांगला रस्ता आहे. लॅपटॉपच्या पडद्याभोवती अँटेना आधीच बसवलेल्या असतात, त्या कुठल्याही यूएसबी अडॅप्टरपेक्षा उंच आणि मोकळ्या असतात.

आधी तीन गोष्टी तपासा. लॅपटॉपमध्ये कार्ड सुटं आहे की बोर्डावर डाग देऊन पक्कं केलेलं? बऱ्याच नव्या पातळ मॉडेलांत ते पक्कं असतं, तिथे विषय संपला. सुटं असेल तर ते एम.२ २२३० आकाराचं आहे की जुन्या पद्धतीचं मिनी पीसीआय एक्सप्रेस? दोन्हींचे खाचे वेगळे आणि अँटेनाच्या टोपणांचा आकारही वेगळा. तिसरं, काही जुन्या लॅपटॉपांच्या बायॉसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) ठरावीक कार्डांचीच यादी असते. बाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरूच होत नाही. तुमच्या मॉडेलचं नाव टाकून याचा शोध घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग कार्ड कोणतं? इथे एका अंकाचा फरक महागात पडतो. इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२१० ही स्वतंत्र कार्डं आहेत. एएमडीचा प्रोसेसर असलेल्या मशीनवरही चालतात. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तशीच, खाच्यात बसतातही तशीच, पण त्यांचं निम्मं काम इंटेलच्या ठरावीक पिढ्यांच्या प्रोसेसरमध्ये होतं. तो प्रोसेसर नसेल तर कार्ड मुकं. म्हणून बदलताना शेवटचा अंक शून्य असलेलं घ्या. वाय-फाय ७ चं बीई२०० मात्र शून्य असूनही अनेक एएमडी मशीनवर ओळखलं जात नाही, तिथे हा नियम लावू नका.

बदलण्याचं काम असं: लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, मागचं झाकण उघडा आणि सर्वांत आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवा. हात एखाद्या धातूच्या वस्तूला लावून अंगावरची स्थिर वीज जाऊ द्या. कार्डाचा फोटो काढा; कोणती तार कोणत्या टोपणावर आहे ते फोटोत स्पष्ट दिसायला हवं. तारा सरळ वर उचला, तिरक्या ओढू नका. एकच स्क्रू असतो, तो काढला की कार्ड आपोआप तिरकं वर येतं. नवं तसंच तिरकं सरकवून खाली दाबा आणि स्क्रू लावा. तारांची टोपणं बसवताना खरी परीक्षा असते: टोपण बरोबर वर आणून बोटाने दाबलं की बारीक 'टक्' जाणवतं. टोपण बरोबर वर आलेलं नसताना जोर करू नका, नाहीतर कडी चेपते. हात थरथरत असेल तर दुकानातून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडण्याआधी तिच्या अटी वाचा.

डेस्कटॉपसाठी पीसीआय एक्सप्रेस कार्ड येतं, ते लहान खाच्यात बसतं. त्याचा ब्लूटूथ चालायला बोर्डावरच्या यूएसबीच्या नऊ पिनांत एक छोटी केबल लावावी लागते. ती राहिली की ब्लूटूथ दिसत नाही आणि लोक कार्ड खराब समजतात. अँटेना केबलवर टेबलापर्यंत येणारी, चुंबकाच्या बैठकीची असलेलं कार्ड घ्या.

१६० मेगाहर्ट्झ, ६ गिगाहर्ट्झ आणि वाय-फाय ७

आपल्याकडे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ साली मोठ्या प्रमाणात परवानामुक्त झाला, म्हणून १६० मेगाहर्ट्झ रुंद चॅनेल घेता येतं. पण त्यातला काही भाग रडारबरोबर वाटून घ्यावा लागतो. राउटर तिथे बसण्याआधी किमान एक मिनिट कान देऊन ऐकतो आणि रडारची चाहूल लागली तर उठून दुसरीकडे जातो. त्यामुळे वाय-फाय मध्येच क्षणभर गेलं तर राउटर ८० वर आणा. मीटिंगवाल्यांना मी ८० च सुचवतो.

६ गिगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यासाठी, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये परवानामुक्तीच्या नियमांचा मसुदा काढला. या बँडसाठी कार्ड वाय-फाय ६ई किंवा ७ चं हवं, राउटर तसा हवा आणि विंडोज ११ हवं. विंडोज १० वर तो बँड दिसत नाही. वाय-फाय ७ ची प्रमाणपत्रं जानेवारी २०२४ पासून मिळू लागली. राउटर त्या पिढीचा आणि प्लॅन १००० चा नसेल तर आज त्यासाठी थांबू नका.

बसवल्यानंतर

ड्रायव्हर लॅपटॉपच्या किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. जुन्या इंटेल कार्डांना जुन्या ड्रायव्हरवर वाय-फाय ६ राउटरचं नावच यादीत दिसत नाही. नुसता ड्रायव्हर नवा केला की दिसतं. कार्ड बदलायला निघालेल्या दोघांचा खर्च यातच वाचला.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या प्रगत सेटिंगमध्ये पसंतीचा बँड ५ गिगाहर्ट्झ करा, आणि वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका. राउटरवर सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. कुणी जुन्या सवयीने टीकेआयपी ही जुनी सुरक्षा पद्धत ठेवली असेल तर नियमानुसारच वेग ५४ एमबीपीएसवर अडतो, कार्ड कुठलंही असो. उलट, राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुना अडॅप्टर जोडलाच जात नाही. दोन्ही चालतील असा पर्याय निवडा.

लिनक्स वापरणाऱ्यांनी चिपचं नाव विचारल्याशिवाय यूएसबी अडॅप्टर घेऊ नये. मीडियाटेकच्या एमटी७९२१ सारख्या चिपचा ड्रायव्हर नव्या लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) आधीपासूनच असतो. इतर अनेकांचा बाहेरून आणून प्रत्येक अपडेटला पुन्हा बांधावा लागतो. दुकानदाराला चिप माहीत नसेल तर परत घेण्याची अट बिलावर लिहून घ्या.

टीव्हीचंही सांगतो, कारण हे विचारलं जातं. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, त्यामुळे तिथे केबलपेक्षा ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय जास्त आकडा दाखवतं. तरी सिनेमा बघायला शंभर पुरतात, केबल असेल तर राहू द्या.

सगळं झालं की सुरुवातीच्या तिन्ही मोजण्या पुन्हा घ्या आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा. भाच्याच्या लॅपटॉपमध्ये एएक्स२१० बसवलं. लिंक स्पीड ७२ वरून १२०१ वर गेला, स्पीड टेस्ट २९० च्या आसपास स्थिरावली. जुनं कार्ड त्याच्या स्क्रूसकट एका पाकिटात घालून पाकिटावर लॅपटॉपचं मॉडेल लिहिलं आणि ताईच्या कपाटात ठेवलं. लॅपटॉप कधी दुरुस्तीला पाठवायचा झाला तर ते लागेल.